भिंतीच्या तळाशी भोक

नव्या घरात पाऊल टाकलं की बाया आधी देवाचा कोपरा बघतात, नळाला पाणी आहे का बघतात. मी स्वयंपाकघरात जाते आणि खाली वाकून भिंतीचा तळ बघते. इथं गुजरातेत आल्यापासून आमची तीन भाड्याची घरं झाली. तिन्ही वेळा घरमालकाला वाटलं, ह्या बाईचं काहीतरी पडलंय. "काय हरवलं, बेन?" असं विचारतात. मी म्हणते, काही नाही. आता त्यांना काय सांगू, की भोक शोधतेय म्हणून.

हे वाकणं मला सारंगचाचांनी लावलं.

माझं माहेर आटपाडीकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं शेळ्या आणि शेतातली कामं. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, हातखंब्याच्या अलीकडं हायवेला चिकटून असलेल्या एका वाडीत. अठरा घरं, बरीचशी आमच्या भावकीची आणि खालच्या अंगाला चार मुसलमानांची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. बाकी घरात मी आणि सासूबाई. आमच्या रीतीनं मी त्यांना आत्याबाई म्हणायची, तर वाडीतल्या बाया विचारायच्या, "ही तुझी आत्या कवापासून गो?"

मी मूळचीच घाबरट. हायवेवरनं ट्रक गेला की चिऱ्याची भिंत थरथरायची आणि तिच्याबरोबर मीही. नवरा असल्याच एखाद्या ट्रकात कुठंतरी असायचा, म्हणून कुठलाही ट्रक जाऊन त्याचा आवाज विरेपर्यंत माझा हात जिथल्या तिथं थांबायचा. भाकरी करपायच्या त्यानं. आत्याबाई म्हणायच्या, "हिच्या हाताखाली तवा पण जपून बसतो."

अशा घरात लग्नानंतर महिन्याभरानं एक म्हातारा न विचारता शिरला. रुंद बांधा, पांढरी टोपी, अंगात जहाजावरची निळी डांगरी, गळ्यात दोरीला शिट्टी. ना राम राम, ना पाणी मागणं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं चहूकडं नजर फिरवली. चूल, वर वलणीवर वाळत घातलेली लुगडी, कोपऱ्यात नवीकोरी गॅसची टाकी. तेव्हा वाडीत गॅस नुकता येत होता. चहापुरता गॅस, जेवण चुलीवर, आणि दोन्ही एकाच खोलीत, असाच सगळ्यांचा कारभार.

"खाली भोक नाय," तो म्हणाला.

"घर बांधलं तेव्हा नव्हतं, आता कशाला?" आत्याबाई चुलीपुढनंच बोलल्या. "भावजी, तुमी पहिलं सून बघायला येता का भिंत?"

"सून चांगली हाय," माझ्याकडं न बघताच तो म्हणाला. "भिंत वाईट हाय."

तेच सारंगचाचा. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. तीस-बत्तीस वर्षं बोटीवर काढून ते घरी आले होते. मुलगा कुवेतला, घरात ते आणि चाची. इतर रिटायर माणसं आंब्याची कलमं लावतात, पारावर बसतात. चाचांनी वाडीलाच बोट करून टाकलं होतं.

रोज सकाळी सातला त्यांची फेरी निघायची. विहिरीचा कठडा हलवून बघायचे. विजेच्या खांबाचा ताण बघायचे, पण हात न लावता, हात पाठीमागं बांधून. कुणाच्या पडवीत पोरानं खेळता खेळता रॉकेलची बाटली पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली दिसली, तर त्या घरातल्या कर्त्या माणसाला बाहेर बोलावून बाटल्यांसमोर उभं करायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. तो माणूस खाली मान घालून बाटली उचलेपर्यंत तसंच. सगळं ठीक असलं की दारावर खडूनं एक गोल. कुणाच्या दारावर गोल नसला की दुपारपर्यंत सगळ्या बायांना कळायचं आणि त्या घरातली बाई तोंड लपवत पाण्याला यायची.

बारशाला बोलावलं तर पाळण्याआधी दारं मोजायचे. "एक दार, तीस बायका, पाच समया," असं म्हणून उंबऱ्यावरच बसायचे, येता-जाता कुणी अडखळू नये म्हणून पाय आत ओढून. घुगऱ्यापण तिथंच खायचे. चाची म्हणायची, "निकाह झाला तवा माझ्याआधी मांडवाचे खांब बघितले ह्यानी."

त्यांचं एक बोलणं वाडीत पोरापोरांच्या तोंडी होतं. पोरं त्यांच्यासारखा आवाज काढून म्हणायची, "दर्या सांगून मारतो. घर सांगत नाय." चाचांना ऐकू आलं तरी ते रागवायचे नाहीत. म्हणायचे, "पाठ झालं ना? मग चेष्टा करा."

भोकाचं भांडण आमच्या घरात पाच महिने चाललं. गॅस घेतलेल्या घरांच्या स्वयंपाकघरात, जमिनीलगत, भिंतीतला अर्धा चिरा काढून बाहेर उताराचं वीतभर भोक ठेवायचं, असा चाचांचा आग्रह. आठ-दहा घरांनी मुकाट्यानं पाडलं. आत्याबाई ऐकेनात.

"उंदीर येतील."

"जाळी लावून देतो."

"जनावर आलं तर?" जनावर म्हणजे तिकडं साप.

"जाळीतनं गांडूळ पण येत नाय, वैनी."

"आणि भोकातनं लक्ष्मी गेली म्हणजे?"

"लक्ष्मी दारातनं जाते. भोकातनं गॅस जातो." मग ते खाली बसून, तळहात जमिनीवर फिरवून दाखवायचे. "हा धुरासारखा वर जात नाय. पाण्यासारखा खाली बसतो. वरची खिडकी ह्याच्या काय कामाची? आणि पावसात तर तुमी झापं लावून वरचं पण बंद करता."

हे मात्र खरं होतं. पावसाळ्यात पडवीला, खिडक्यांना माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं लागायची आणि घर डब्यासारखं बंद व्हायचं. शेवटी नवरा घरी आला तेव्हा मीच त्याच्या मागं लागले. मला झोप येत नव्हती. टाकीकडं बघितलं की ती माझ्याकडं बघतेय असं वाटायचं. नवऱ्यानं पहार घेतली. चिरा निघाला तेव्हा आत्याबाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, घराचं काहीतरी कापतायत तशा.

त्या दिवसापासून चाचांच्या फेरीत आमचंही भोक आलं. मागच्या परसातनं येऊन ते गुडघ्यावर बसायचे, भोकाला नाक लावायचे आणि दोनदा हुंगायचे. आतनं दिसायचं ते फक्त त्यांच्या टोपीचं टोक. बाया म्हणायच्या, घराची नाडी बघतात.

नुसतं घरातलंच नाही, रस्त्याचंही त्यांनी अंगावर घेतलं होतं. वाडीच्या वरच्या बाजूला हायवेला आंधळं वळण होतं. तिथल्या चिऱ्यांना ते पावसाआधी आणि पावसानंतर चुना लावायचे. गणपतीच्या आदल्या दिवशी तर त्यांचा वेगळाच थाट. आमच्याकडं गणपती डोक्यावरनं आणतात. मूर्ती पाटावर, तोंडावर रुमाल, पाट डोक्यावर, आणि मूर्तींच्या कारखान्यापासून वाडीपर्यंत हायवेच्या कडेनं चालत. पाट डोक्यावर असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. पायाखाली बघता येत नाही. मागनं येणारं तर नाहीच. हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण देव डोक्यावर असल्यावर भीती कसली.

चाचांच्या ध्यानात आलं. "बोटीवर जड उचलणाऱ्याबरोबर दुसरा मोकळा माणूस असतो," ते म्हणाले. "उचलणाऱ्याचे डोळे तो." आणि इस्त्रीचा सदरा घालून, काठीला लाल फडकं बांधून ते मिरवणुकीच्या पुढं, वळणाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. माझा चुलत दीर बाळूभावोजी पाट घेऊन होता. निघतानाच तो म्हणाला होता, "चाचा, यंदा मानकरी तुमीच. आरतीचं तबक पण तुमच्याच हातात देऊ."

मिरवणूक वळणाशी पोचली आणि समोरनं टँकर आला. चाचा रस्त्याच्या मध्यात फडकं धरून उभे. ब्रेक कर्कश वाजले. टँकर त्यांच्यापासून दहा हातांवर थांबला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?"

"आज नाय," चाचा म्हणाले. "आज गणपती यायचाय."

ड्रायव्हरनं चाचांच्या मागं बघितलं. पाटावरचा रुमाल, वाजवणारी पोरं. त्यानं टँकर बंद केला, खाली उतरला, चपला काढल्या आणि मिरवणूक जाईपर्यंत उभा राहिला. बाळूभावोजीला ह्यातलं काहीच दिसलं नाही. घरी पाट खाली ठेवल्यावर त्यानं विचारलं, "ब्रेक कोणी मारला होता गो?"

आता ती सकाळ सांगायला हवी. ती टाळत टाळतच मी इथवर आले.

मुलगी तेव्हा चार वर्षांची. श्रावण, बाहेर झड लागलेली, झापं घट्ट. नवरा पहाटेच ट्रकवर जायचा होता म्हणून मी गॅसवर चहा केला. शेगडी बंद केली. टाकीवरचं बटण बंद केलं नाही. रात्रंदिवस त्या टाकीची भीती घेऊन फिरणारी मी, आणि त्या दिवशी नवऱ्याचा डबा, छत्री, त्याचं "येतो गो" ह्यात नेमकं तेच राहिलं. नळी उंदरानं कुरतडली होती. ते कुणालाच माहीत नव्हतं. मी विहिरीवर गेले. मुलगी मधल्या खोलीत झोपलेली. आत्याबाई गोठ्यात.

मी कळशी भरत होते तेव्हा शिट्टी ऐकली. चाचा शिट्टी क्वचित वाजवायचे. ही थांबेचना. मी कळशी तिथंच टाकली आणि धावले.

परसात चाचा भोकापाशी उभे होते, गुडघे चिखलानं भरलेले. स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई, एका हातात शेणी, दुसऱ्या हातात काडेपेटी. चूल पेटवायला निघालेल्या. सर्दीनं त्यांचं नाक आठ दिवस बंद होतं.

"वैनी," चाचा हळू आवाजात म्हणाले, शिट्टी तोंडातनं काढून, "काडेपेटी माझ्याकडं फेक."

"काय झालं?"

"मग सांगतो. फेक."

"पावसात भिजेल ती."

"भिजू दे. फेक गो, माझी बाय."

बाय म्हणाले म्हणून असेल, त्यांनी फेकली. चाचा आत गेले. मला म्हणाले, "पोरीला उचल, मागच्या दारानं बाहेर. दिव्याच्या बटणाला हात लावू नको." मी मुलीला गोधडीसकट उचललं. ती झोपेतच होती. बाहेर पावसात उभी राहून मी आत बघत होते. चाचांनी टाकी बंद केली, झापं ओढून काढली आणि भिंतीवरचं सूप घेऊन जमिनीलगत, भात पाखडावं तसं, वारा घालत राहिले. भोकाच्या दिशेनं. कितीतरी वेळ. एक निळ्या डांगरीतला म्हातारा माझ्या घरात काहीच नसलेलं पाखडत होता. भोकातनं जो वास बाहेर आला तो मला परसात आला, आणि तेव्हा मी गोधडी मुलीच्या तोंडावर ओढली.

आत्याबाईंनी दिवसभर ती कुरतडलेली नळी उलटीसुलटी करून बघितली. संध्याकाळी म्हणाल्या, "उंदीर त्या भोकातनंच आला असणार." त्यावर त्यांचं आणि चाचांचं पुढं कितीतरी वर्षं भांडण होतं. पण भोक बुजवायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घावणे घेऊन चाचांकडं गेले. पाया पडायला वाकले तर मागं सरले. "टाकीवरचं बटण?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडनं राहिलं."

मला वाटलं म्हणतील, असू दे, होतं असं. ते तसं म्हणाले नाहीत. घावण्यांचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बोटीवर टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा तपासतात. एकदा तपासायची पाळी माझी होती. बंदर जवळ आलेलं, घाई होती. मी वरनं सांगितलं, उतर. सारंग सांगतोय म्हणून तो उतरला. हर्णैचा होता." चाचीनं आत भांडं आपटलं. चाचा उठले. "चुकलीस. लक्षात ठेव. रडू नको, रडून बटण बंद होत नाय."

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी हे काढलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढं तीन-चार वर्षांनी एक सकाळ. आत्याबाई चुलीवर सुका बोंबील भाजत होत्या. त्याचा वास हायवेवरच्या एसटीतल्या माणसालाही यावा. चाचा भोकाशी वाकले, दोनदा हुंगले, उठले आणि मला म्हणाले, "आज चूल पेटली नाय वाटतं? वैनी बरी हाय ना?"

मी भोकाकडं बोट दाखवलं. त्यांनी खाली बघितलं. आतनं बोंबलाचा धूर भोकातनं बाहेर येत होता, तो त्यांना आता डोळ्यांनी दिसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या थंडीपासून. आधी वाटलं सर्दी हाय." खडू त्यांच्या बोटांत फिरत होता. "कोणाला बोलू नको, बेटी. लोकांना कळलं ना, तर आठ दिवसात सगळी भोकं बुजतील. माझ्या नाकावर उघडी हायत ती."

म्हणजे गेले कित्येक महिने दारांवरचे गोल नुसतेच. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सातला मी टोपली घेऊन त्यांच्यामागं निघाले, सारवायला शेण गोळा करतेय असं दाखवत. प्रत्येक भोकापाशी टोपली खाली ठेवायची, पदर सारखा करायला वाकायचं आणि हुंगायचं. ठीक असलं की टोपली उचलायची. मग चाचा वाकायचे, दोनदा हुंगायचे आणि दारावर गोल काढायचे. आम्ही बोलायचो नाही. बाया हसायच्या, "सारंगाला मदतनीस मिळाली वाटतं." आत्याबाई म्हणायच्या, "शेण आपल्या गोठ्यात काय कमी हाय?"

अडीच वर्षं मी त्यांचं नाक होते. त्या अडीच वर्षांत मला कमी भीती वाटायची, हे मला आता इथं बसून कळतं. भीतीच्या हाताला काम होतं.

मग नवऱ्याला इकडं एका कंपनीत ट्रेलरवर काम लागलं. राहायला खोली, मुलीला शाळा. जायचं ठरलं. सगळे म्हणाले नशीब उघडलं. माझ्या डोक्यात एकच. फेरीचं काय? चाचांना सांगितलं तर म्हणाले, "जा. बोट कोणासाठी थांबत नाय." आणि दुसऱ्या दिवशी एकटेच फेरीला गेले, माझ्याआधी, सव्वासहालाच. मी टोपली घेऊन बाहेर आले तेव्हा अठरा दारांवर गोल होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी शब्द मोडला. आत्याबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांना सांगितलं. चाचांना वास येत नाही, मीच हुंगत होते, आता तुम्ही काहीतरी करा, पण त्यांना कळू देऊ नका.

त्यांनी मान वर केली नाही. एकेक आमसूल उलटवत राहिल्या. "माहीत हाय," म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"वाडीला. चाचीनंच सांगितलंन. तुला काय वाटलं, आमी सकाळी उठून आपापलं भोक बघत नाय? पावणेसातला अठरा बायका वाकलेल्या असतात. मग तू येतेस टोपली घेऊन, मग तो येतो." मग हात पुसत, "त्याचा गोल पुसायचा कशाला."

मी तिथंच बसले. आनंद व्हायला हवा होता. पण माझा स्वभाव तो. गाडीत बसेपर्यंत डोक्यात हेच, की खरं असेल का? की सून काळजी करत जाऊ नये म्हणून म्हातारीनं रचून सांगितलं? अजून मला ठाऊक नाही. फोन केला की मी आधी तेच विचारते. "भोक बघितलं का आज?"

"बघितलं गो बाय. तू तुझं बघ."

चाचा गेले तेही आत्याबाईंनी फोनवरच सांगितलं. दुपारच्या नमाजानंतर आडवे झाले ते उठले नाहीत. भोक अजून आहे का, असं मी लगेच विचारलं आणि मग मला माझीच लाज वाटली. आत्याबाईंना नाही वाटली. म्हणाल्या, "हाय. कालच जाळी बदलली."

मला मात्र ते दिसतात ते आम्ही निघालो त्या दिवशीचे. मे महिना होता. हातखंब्याला मुंबईची एसटी धरली, मुलगी खिडकीशी, तिच्याशेजारी मी. गाडी आमच्या वळणाला आली, आणि तिथं चाचा होते. टोपी मागं सरकलेली, हातात कुंचा, शेजारी चुन्याचा डबा, पावसाआधीचे चिरे रंगवायचं काम चाललेलं. मी मुलीच्या डोक्यावरनं खिडकीत वाकले, हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि जोरात हलवला. चाचा, मी ओरडले.

त्यांनी वर बघितलं. कुंचा डब्यात टाकला, शिट्टी तोंडात धरली आणि हात वर केला. मला वाटलं, निरोप देतायत. पण तो हात हललाच नाही. तो छातीकडं आला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा छातीकडं आला, आणि शिट्टी वाजतच राहिली. समोरनं ट्रक येत होता.

मी हात आत घेतला. ट्रक खिडकीला घासून गेला. पलीकडं चाचांनी शिट्टी सोडली, कुंचा उचलला आणि पुढच्या चिऱ्याकडं वळले.